क्रमांक एकशे एकोणीसचा चावा

क्र. ११२. वरची आणि खालची, पूर्ण. वय ६८. सूचना: पेशंट म्हणतात जुनीसारखीच करा. जुनी हरवली आहे.

असल्या चिठ्ठ्या वाचण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. दवाखान्यांतून प्लास्टरचे जबडे यायचे, प्रत्येक जबड्याला एक ट्रे, ट्रेमध्ये एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात कुणाचं तरी वय नि कुणाची तरी हौस. त्यावरून ती कवळ्या करायची. ज्यांच्यासाठी करायची ती माणसं तिने कधी पाहिली नव्हती. लॅबचा नियमच होता: तोंड डॉक्टरांचं, प्लास्टर आपलं. तंत्रज्ञाने पेशंटच्या तोंडात हात घालायचा नाही. तिला हा नियम आवडायचा. जबडा तेवढा समोर असावा आणि माणूस नसावा, यात एक सोय होती.

त्या सोमवारी तिच्या टेबलावर सात ट्रे होते आणि डोक्यावर एक प्रश्न.

नवरा शीतगृहांची यंत्रं सांभाळायचा. अकरा महिन्यांपूर्वी कंपनीने त्याला दुसऱ्या शहरात पाठवलं, बसने नऊ तासांवर. आधी म्हणाले सहा महिने, मग म्हणाले बघू, मग काही म्हणेनासेच झाले, आणि न म्हणणं म्हणजे कायमचं, हे दोघांनाही कळलं. तेव्हा त्याने तिथे दोन खोल्यांचं घर पाहिलं. लेकीसाठी शाळेत जागा पाहिली. कुणाच्या तरी ओळखीने एक लॅबही शोधून काढली, जिथे पूर्ण कवळी हाताने लावणारं माणूस हवं होतं. त्या लॅबच्या बाई म्हणाल्या, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत जागा धरून ठेवते, त्यापुढे नाही.

आता तिने लेकीला घेऊन तिकडे जायचं, की इथेच राहायचं, वडिलांपाशी? वडील शहात्तर वर्षांचे, तिच्याबरोबर एकाच घरात राहणारे. आई जाऊन सात वर्षं झाली होती.

लॅबमध्ये सगळ्यांना हे माहीत होतं. पॉलिशच्या मोटरवर बसणारा, ज्याला सगळे ‘चकाकी’ म्हणत, तो रोज सकाळी विचारायचा, “काय ताई, घोडं कुठे अडलंय?”

“अडलेलं नाही,” ती म्हणायची. “उभंय नुसतं.”

हे खरं होतं. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, जीव कासावीस, असलं काहीही नव्हतं. ती व्यवस्थित जेवायची, व्यवस्थित झोपायची. प्रश्नाकडे बघितलं की आत नुसतं सपाट लागायचं, लेप दिलेल्या भिंतीवर हात फिरवल्यासारखं.

क्र. ११५. खालची, दुरुस्ती. वय ७१. सूचना: कुत्र्याने चावली आहे. कुत्रा ठीक आहे.

नवऱ्याला कागदावर दोन रकाने पाडल्याशिवाय विचार करता येत नसे. फ्रिज घेताना पाडले होते, लग्न ठरवतानाही पाडले असावेत. त्याने तिलाही सांगितलं होतं, लिहून काढ, म्हणजे सुटेल. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिने एका जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहायला घेतलं.

जावं: लेकीला बाप मिळेल. घर एक होईल. लॅब मोठी आहे. खिडक्या आहेत म्हणे. रविवारी सकाळी फोनची वाट बघायला

हे वाक्य तिने पुरं केलं नाही. फोनची वाट ती बघतच नव्हती.

राहावं: बाबा.

मग पेन धरून बराच वेळ बसली. दुसऱ्या रकान्यात आणखी काहीतरी सुचेल असं वाटत होतं. लॅबचा मालक भला होता, पण भले मालक काय तिकडेही असतील. घर जुनं होतं, नळ गळत होता. राहण्याच्या बाजूला वडील सोडून कुणीच उभं राहीना.

आणि एक गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. अकरा महिन्यांत तिला नवऱ्याची आठवण आली नव्हती. भांडण झालं नव्हतं, राग नव्हता, दुसरं कुणी नव्हतं. पहिले काही आठवडे टेबलावर एक ताट जास्त मांडलं जायचं, मग हात शिकला. एवढंच. जिकडे जायचं तिकडे काही वाटत नाही, इकडे राहायचं तर त्याचंही काही नाही, मग माणसाने पाय उचलायचा तो कशाच्या जोरावर?

संध्याकाळचा फोन.

तो: लिहिलंस?

ती: लिहिलं.

तो: काय निघालं?

ती: एका बाजूला पाच, एका बाजूला एक.

तो: मग झालं की.

ती: तो एक म्हणजे बाबा आहेत.

तो: त्यांना विचारलंस का? येतील ना ते. इथे तळमजला आहे, जिना नाही.

ती: विचारते.

तो: गेले दोन महिने विचारतेयस. अगं, किती दिवस हे भिजत घोंगडं ठेवायचं?

ती: वाळत कुठे घालू?

तो हसला. तीही हसली. हसणं संपल्यावर त्याने लेकीला फोन द्यायला सांगितला.

क्र. ११९. वरची आणि खालची, पूर्ण. वय ७६. सूचना:

सूचनेची जागा कोरी होती, कारण ही चिठ्ठी तिनेच लिहिली होती. ११९ म्हणजे वडील.

वडील आयुष्यभर कोर्टात लघुलेखक होते. वकील विचारत, साक्षीदार सांगत, आणि वडील मान खाली घालून दोघांचंही शब्दन् शब्द टिपत. छत्तीस वर्षं लोकांचं बोलणं उतरवून घेतल्यावर त्यांच्या स्वतःकडे फारसं बोलणं उरलं नव्हतं. जे होतं ते नेमकं होतं. दोन आठवड्यांपूर्वी त्यांची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली, तेव्हा ते दोन्ही तुकडे हातात घेऊन इतकंच म्हणाले, “तहकूब.” त्या दिवसापासून ते सूपवर होते.

डॉक्टरांनी मापं घेतली होती. आता राहिला होता चावा. कवळी करताना आधी मेणाच्या दोन पट्ट्या करतात, वर एक, खाली एक. त्या कोमट करून तोंडात ठेवायच्या, जिभेचं टोक मागे टाळूला लावायला सांगायचं आणि हळूच तोंड मिटायला लावायचं. मेण थंड होईस्तोवर दोन मिनिटं तसंच बसायचं. वरचा जबडा नि खालचा जबडा एकमेकांना कुठे भेटतात, हे त्यातून कळतं. त्या भेटीवर सगळी कवळी उभी. हे काम डॉक्टरांचं, पण डॉक्टर आठ दिवस गावाला गेले होते आणि वडील सूपला कंटाळले होते. तेव्हा मागच्या रविवारी तिने पट्ट्या घरी आणल्या.

स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर वडील बसले, गळ्याशी टॉवेल. तिने मेण वाटीतल्या गरम पाण्यात धरलं, तोंडात बसवलं, त्यांची हनुवटी दोन बोटांत घेतली. “मिटा. हळू. बस.”

आणि मेण थंड होत असताना तिने विचारलं, “बाबा, आम्ही तिकडे गेलो तर तुम्ही याल?”

त्या दोन मिनिटांत माणसाला बोलता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने विचारलं ते म्हणूनच. विचारून झालं असं नवऱ्याला सांगता आलं असतं, आणि उत्तर यायचं नव्हतं. मंगळवारी फोनवर मात्र तेवढंही तिने सांगितलं नव्हतं.

बोटांखाली हनुवटी किंचित सरकल्यासारखी वाटली. “हलू नका,” ती म्हणाली. ती थांबली. मेण बाहेर आल्यावर वडिलांनी तोंड पुसलं आणि पाणी मागितलं. नंतर दोघांपैकी कुणीच त्याचा विषय काढला नाही.

तेच. ११९. बुधवार.

जबड्यासारखं उघडझाप करणारं एक बिजागरीचं यंत्र असतं, त्यावर ती वडिलांचे दात मेणात लावत होती. वरचे चौदा लागले, खालचे समोरचे लागत होते. चकाकी चहाचा कप घेऊन जाता जाता थांबला.

“हा कोण?”

“का?”

“भांडायला निघालाय. खालचा जबडा बघा की कसा पुढे आलाय. हा गृहस्थ जन्मभर तावातावाने जेवणार.”

तिने यंत्र उचलून डोळ्यांसमोर आडवं धरलं. खालचा जबडा गव्हाच्या दाण्याएवढा पुढे होता. दुसऱ्या कुणाचा असता तर ट्रे उघडताच तिला दिसला असता. दवाखान्यांच्या असल्या चुका ती चहा पिता पिता पकडायची. हा तीन दिवस तिच्या हाताखाली होता.

“डॉक्टरांकडे परत धाडा,” चकाकी म्हणाला. “त्यांनी नीट घ्यावा चावा.”

“डॉक्टरांनी नाही घेतला.”

“मग कोणी?”

“मी.”

चकाकीने कप खाली ठेवला. “तुम्ही पेशंटच्या तोंडात हात घातलात?”

“माझ्या बापाचं तोंड आहे ते.”

“अहो पण नियम तोंडाला आहे, त्यात बापाला सवलत कुठे दिलीय?” मग तिचा चेहरा बघून त्याने आवाज उतरवला. “असू दे. मेणात आहे तोवर काय बिघडलंय? परत घ्या. एकदा शिजवून पक्की केलीत की मग मात्र हातोडीच.”

तो गेल्यावर ती उठली आणि हात धुवायच्या बेसिनपाशी गेली. तिथल्या आरशासमोर तिने एक फालतू मेणाची पट्टी स्वतःच्या तोंडात धरली आणि ‘हो’ म्हणून पाहिलं. जबडा पुढे आला. मग ‘नाही’ म्हणून पाहिलं. तरी पुढेच आला. वडिलांना त्या रविवारी काहीतरी बोलायचं होतं, एवढंच मेणात उतरलं होतं. काय ते उतरलं नव्हतं.

“ताई,” मागून चकाकीचा आवाज आला, “आज डबा विसरलात वाटतं?”

सूचना: चावा पुन्हा घेणे.

गुरुवारी ती चार वाजताच घरी आली. वडील खिडकीशी पेपर वाचत होते. लेक शाळेतून यायची होती.

“परत?” पट्ट्या बघून ते म्हणाले. दात नसल्याने त्यांचे शब्द जरा ओले यायचे.

“चुकला होता.”

“चूक कुणाची?”

“माझी. मी मध्येच विचारलं, तुम्ही बोलायला गेलात, जबडा पुढे आला.”

“म्हणजे मी बोललो नाही, तरी नोंद झाली.” ते या कल्पनेवर खूश झालेले दिसले. “छत्तीस वर्षांत हे मला जमलं नाही.”

तिने वाटीत गरम पाणी ओतलं. “काय सांगणार होतात?”

“सांगणार नव्हतो. विचारणार होतो, प्रश्न कुणाचा. ज्याच्या तोंडात मेण आहे त्याला विचारलेला प्रश्न धरायचा का, तेही. पण ते मागाहून.”

“प्रश्न सगळ्यांचाच आहे.”

“सगळ्यांचा असा प्रश्न नसतो. नवऱ्याचा असेल तर त्याने मला फोन करावा, माझा नंबर बदललेला नाही. तुझ्या लेकीचा म्हणशील तर तिने मला महिन्यापूर्वीच विचारलं आणि उत्तर घेऊन गेली.”

“काय उत्तर?”

“येणार नाही.”

तिने मेण पाण्यात बुडवलं. खरं म्हणजे अजून बुडवायचं नव्हतं.

“मला नाही सांगितलंत.”

“तू विचारलं नव्हतंस.” वडिलांनी पेपरची घडी घातली. “मला इथे अंधारात बटण सापडतं. जिन्याला चौतीस पायऱ्या आहेत आणि चौतिसाव्या पायरीवर बसायला कठडा आहे. खालचा गृहस्थ बुद्धिबळात रोज माझ्याकडून हरतो. तिकडे हरणारा माणूस नव्याने कुठे शोधत बसू?”

“एकटे राहाल तुम्ही.”

“एकटा म्हणजे एकटा. मेलेला नव्हे.”

“मग मीही राहते,” ती म्हणाली.

वडिलांनी तिच्याकडे बघितलं. कोर्टात त्यांनी मान वर केली तर न्यायाधीशसुद्धा थांबायचे, असं आई सांगायची. “हे फार पटकन आलं. पटकन येतं ते उत्तर पाठ केलेलं असतं.”

तिने वाटीतलं मेण उलटं केलं.

“तुला राहायचं तर राहा, घर तुझंही आहे. पण माझं नाव लिहून राहू नकोस. मी कुणाच्या रकान्यात बसणार नाही.”

चिठ्ठी त्यांनी कधी वाचली, हे तिने विचारलं नाही. डब्याच्या पिशवीतून घरी आली आणि टेबलावरच पडलेली असणार. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि वाटीतल्या पाण्याकडे बघत म्हणाली, “मला त्याची आठवण येत नाही, बाबा. अकरा महिने झाले. वाईटही वाटत नाही त्याचं. तिकडे जाऊन तरी काय वाटेल?”

तिला वाटलं होतं, हे बोलल्यावर काहीतरी होईल. रडू तरी येईल. नळ थेंब थेंब गळत राहिला.

“हे त्याला सांगितलंस?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगतेस? मी निवृत्त झालो. घे तुझा चावा, मेण पाघळलं बघ.”

मेण खरंच पाघळलं होतं. तिने ते पुन्हा बांधलं, पुन्हा कोमट केलं. वडिलांनी जिभेचं टोक मागे लावलं, तोंड मिटलं. दोन मिनिटं ती काहीही बोलली नाही. हनुवटी तिच्या बोटांत स्वस्थ होती, दाढीचे पांढरे खुंट टोचत होते. इतक्या जवळून तिने त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. एक तीळ तिला ठाऊकच नव्हता.

(चिठ्ठी नाही.)

सहा वाजता तिने गॅलरीत उभं राहून नवऱ्याला फोन केला. तो कामावरच होता, मागे यंत्रांची घरघर.

“बाबा येणार नाहीत,” ती म्हणाली.

“बरं.” मग बऱ्याच वेळाने, “म्हणजे तूही नाही.”

“तसं नाही. दुसरं सांगायचंय. मला तुझी आठवण येत नाही.”

घरघर चालू राहिली. कुठेतरी एक जड दार बंद झाल्याचा आवाज आला आणि घरघर कमी झाली. तो बाहेर आला असावा.

“मलाही नाही येत,” तो म्हणाला. “पहिले चार महिने यायची. बसस्टँडवरून जाताना तर फारच. मग एकदा लक्षात आलं, दोन दिवस झाले, तुझा विचारच आला नाही. घाबरलो होतो तेव्हा. आता तेही नाही.”

“मग बोलावतोस कशाला?”

“त्याचसाठी. आठवण येत असती तर अजून दोन वर्षं तिच्यावर निघाली असती. आता कशावर काढायची?”

तिने खाली बघितलं. कुणीतरी गाडी मागे घेत होतं, कुणीतरी हात हलवून ‘येऊ दे, येऊ दे’ करत होतं.

“आणि तिथे येऊनही काही वाटलं नाही तर?”

“तर ते एका घरात कळू दे. फोनवर नको.”

“तेही न कळलं तर?”

“अगं, मी यंत्रं दुरुस्त करतो, भविष्य कुठे सांगतो? यंत्र बंद पडलं तरी आधी त्याच्यापाशी जाऊन उभं राहावं लागतं. लांबून नाही कळत.”

आत कुठे काही हलतंय का ते तिने चाचपून पाहिलं. नव्हतं हलत.

“ठीक आहे,” ती म्हणाली.

“ठीक आहे म्हणजे?”

“येतो आम्ही. दोघी.”

त्याने ‘बरं’ म्हटलं, आणि मग काय म्हणायचं असतं ते आठवेना म्हणून बसच्या वेळा सांगायला लागला. तिने त्या ऐकून घेतल्या.

आत वळली तर दारात लेक उभी, दप्तर अजून पाठीवर.

“ठरलं?”

“ठरलं.”

“माझी सायकल?”

“नेऊ.”

“आजोबांची खुर्ची पण न्यायची.”

“आजोबा येणार नाहीत.”

“मला माहितीये, मीच तर विचारलं त्यांना. खुर्ची न्यायचीय. ते म्हणाले ने, ती करकरते, माझं डोकं खाते.” लेकीने दप्तर खाली टाकलं. “तू रडलीस का?”

“नाही.”

“मला वाटलं रडशील.”

“मलाही,” ती म्हणाली.

क्र. ११९. शिजवणे.

शुक्रवारी सकाळी तिने खालचे दात नव्या चाव्यावर लावले. एरवी मेणातली कवळी एकदा तोंडात घालून बघतात. तिने बघितली नाही. हात सांगत होता की बसेल, आणि वेळही नव्हता. कवळी साच्यात घालून साचा उकळत्या पाण्यात सोडला. मेण वितळून पाण्यावर आलं, तिने ते गाळून काढलं. त्या जागी गुलाबी माल दाबून भरला, साचा शिकंज्यात आवळला आणि पुन्हा पाण्यात ठेवला. आता त्यात बदल नव्हता.

बारा वाजायला वीस मिनिटं होती. तिने मागच्या जिन्यात जाऊन फोन लावला. तिकडच्या लॅबच्या बाईंनी स्वतःच उचलला. बोलताना त्या काहीतरी चावत होत्या.

“येताय ना?”

“येते. पंधरा तारखेपासून.”

“सोळा म्हणा. पंधराला इथे रंगकाम आहे, वासाने डोकं उठेल.” त्यांनी घास गिळला. “टेबल लावून ठेवते तुमचं. बसून काम करता की उभ्याने?”

“बसून.”

“बरं. हात उजवा ना?”

“डावा.”

“अरेच्चा.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई कुणाला तरी म्हणाल्या, ते खिडकीजवळचं टेबल, हो तेच, त्या डावखुऱ्या आहेत. मग पुन्हा फोनवर आल्या. “दिवा डावीकडे ठोकलाय तिथे, तुमच्या हाताची सावली कामावर पडेल. उजवीकडे घ्यायला सांगते. चालेल ना?”

“चालेल,” ती म्हणाली.

पलीकडे कुणीतरी भिंतीत ड्रिल सुरू केलं. बाई म्हणाल्या, जरा थांबा, काही ऐकू येत नाही. ती फोन कानाला लावून जिन्यात उभी राहिली.